बार्शीच्या चार ओळी

लग्न होऊन मी शारजाला आले तेव्हा माझ्या बॅगेत एकही पुस्तक नव्हतं. डोंबिवलीच्या घरी बॅगा भरायला निम्मे नातेवाईक जमले होते आणि आखातात काय लागतं याबद्दल प्रत्येकाचं मत ठाम होतं. कुकर गेला, पोळपाट गेला, गोडा मसाला गेला. माझ्या पुस्तकांचा गठ्ठा दोनदा आत गेला आणि दोनदा बाहेर आला. शेवटी धाकट्या काकांनी बॅगेला वजनाचा काटा अडकवला, आकडा बघितला आणि गठ्ठा उचलून कॉटवर ठेवला.

"तिथं तुला वाचायला वेळ तरी मिळणार आहे का?" ते म्हणाले.

वेळच वेळ मिळणार होता. नवरा सकाळी सहाला कंपनीच्या गाडीतून साइटवर जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. रोला चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटला एकच मोठी खिडकी होती आणि तिच्यातून समोरच्या इमारतीचे एसी दिसायचे. पहिल्याच आठवड्यात बॅगेचा आतला कप्पा झाडताना एक घडीचा कागद हाती लागला. पुस्तकांच्या गठ्ठ्यातून तो निसटून मागं राहिला असणार. बार्शीच्या एका छोट्या प्रकाशनाचं सूचिपत्र होतं ते. पिवळट कागद, दोन्ही बाजूंनी बारीक टाइपात छापलेला, आणि प्रत्येक पुस्तकाखाली तीन-चार ओळींची टीप.

दुसरं काही वाचायला नसल्यामुळं मी ते वाचायला बसले. एका कवितासंग्रहाखाली लिहिलं होतं, "या कवितांत पाऊस नाही. कवीच्या गावात तो फारसा पडत नाही आणि कवीला थापा मारता येत नाहीत." एका कथासंग्रहाखाली होतं, "यातल्या दोन कथा आम्हाला उमगल्या नाहीत. पुन्हा पुन्हा वाचतो त्या त्याच." मी एकटीच मोठ्यानं हसले. आपलं पुस्तक विकायला निघालेला माणूस असं लिहितो? त्या दुपारी मी ते सूचिपत्र किती वेळा वाचलं कोण जाणे. संध्याकाळी नवरा आल्यावर त्यालाही वाचून दाखवलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "छान आहे. पण ही तर जाहिरात झाली. पुस्तक कुठाय?"

पुस्तक नव्हतंच. म्हणून मी बार्शीच्या पत्त्यावर पत्र टाकलं, की नवीन सूचिपत्र असेल तर पाठवा. आम्हाला घरी टपाल येत नसे, इथं कुणालाच येत नाही. नवऱ्याच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर पत्रं यायची आणि तो ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणायचा. महिन्याभरानं बार्शीचं पाकीट आलं, त्याला वरणाचा एक डाग पडलेला. आत नवं सूचिपत्र, एक पुस्तकखूण आणि होऊन गेलेल्या प्रकाशन समारंभाची निमंत्रणपत्रिका.

तिथून मला नाद लागला. दिवाळी अंकांत मागच्या पानांवर छोट्या प्रकाशकांचे पत्ते असायचे. त्यांना मी पत्रं लिहू लागले. नाशिक, अमरावती, मालवण, औरंगाबाद. कुणी दोन खोल्यांतून प्रकाशन चालवत होतं, कुणी सायकलच्या दुकानामागून. फक्त असे सुटे कागद पाठवा, पुस्तक नको, असं लिहिणारी मी त्यांना जरा वेडीच वाटत असणार, पण बहुतेकांनी काही ना काही पाठवलं. कुणी मुखपृष्ठाचे पहिले छाप पाठवले, कुणी वर्गणीदारांना पाठवायचं नव्या वर्षाचं कार्ड. एका कवीनं हातानं शिवलेल्या, बंद पडलेल्या अनियतकालिकाचं नुसतंच वेष्टण पाठवलं आणि कळवलं, अंक संपले, हे उरलंय. दर सुट्टीत भारतात गेले की या सूचिपत्रांतली काही पुस्तकं विकतही घ्यायची, पण ती आईकडेच वाचून ठेवून यायची. शारजाला यायचे ते कागद. नवऱ्यानं ऑफिसातून जाड पाठीच्या बॉक्स फाइली आणून दिल्या. कपाटाचा वरचा कप्पा त्यांनी भरला, मग खालचा. हळूहळू मुलीच्या खोलीतही एक फाइल शिरली.

मुलगी तेव्हा केजीत होती. ती मराठी ऐकायची आणि इंग्रजीत बोलायची. निमंत्रणपत्रिका बघून तिनं मला विचारलं, "आई, व्हाय डू यू कीप देम? द वेडिंग इज ओव्हर."

"लग्नाच्या नाहीत गं, पुस्तकांच्या आहेत."

"बुक्स गेट मॅरीड?"

तिच्या बाबानं सगळ्या मित्रांना हा किस्सा सांगून माझी पुरती गंमत केली. त्याची त्या कागदांना हरकत कधीच नव्हती. फक्त घर बदलायची वेळ आली की तो कपाटाकडे बघून सुस्कारा सोडायचा.

बार्शीचं सूचिपत्र दर वर्षी यायचं. इतरांच्या सूचिपत्रांत "मर्मभेदी" आणि "अंतर्मुख करणारी" असे शब्द असायचे. बार्शीच्या टिपेत असलं काही नसायचं. "लेखक शिक्षक आहेत, पण पुस्तकात शिकवत नाहीत. ही त्यांची पहिलीच कादंबरी आणि ती संपवायची त्यांना घाई नव्हती." हे वाचून मला ती कादंबरी वाचल्यासारखीच वाटली. प्रकाशक पत्रातही थोडंसं लिहायचे, पण ते वेगळं असायचं. लांब वाक्यं, मराठी वाचकाच्या उदासीनतेबद्दल खंत, खाली भली मोठी सही. पत्र लिहिताना माणूस गंभीर होत असेल, असं मी धरून चालले.

मग एका वर्षी सूचिपत्र आलंच नाही. मी चौकशी केली तर एक पोस्टकार्ड आलं. प्रकृतीमुळं नवीन पुस्तकं थांबवली आहेत, छापखाना भाच्याच्या हवाली केला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली ओळ होती, "आमच्या सौभाग्यवती सध्या आपल्याच शारजात, मुलीच्या बाळंतपणासाठी आल्या आहेत. जमल्यास भेटावे." आणि फोन नंबर.

मी त्याच संध्याकाळी फोन केला. पलीकडून दमलेला, पण मोकळा आवाज आला.

"कोण? सूचिपत्रवाली? अगं बाई! तुझी पत्रं मीच फोडायची. ये की घरी. नाहीतर असं कर, मीच येते. इथं भिंती बघून बघून डोकं उठलंय माझं."

त्या शुक्रवारी नवरा त्यांना अबू शगाऱ्यातून, लेकीच्या घरून घेऊन आला. शुक्रवार म्हणजे त्याच्या सुट्टीचा दिवस. साठीच्या आसपासच्या, उंच, हाडापेरानं मोठ्या बाई. सुती नऊवारी असेल असं मला का कोण जाणे वाटलं होतं. त्या पाचवारीत होत्या, पायांत जावयाचे स्पोर्ट शूज. "माझ्या चपला तुटल्या," त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. मी त्यांना काकू म्हणू लागले, त्या मला पहिल्या मिनिटापासून अगं-तुगं करू लागल्या.

चहा झाल्यावर मी मोठ्या अभिमानानं बार्शीची फाइल काढली. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात, वर्षांनुसार लावलेला. काकूंनी चष्मा लावला आणि चार-पाच पानं उलटली. मला वाटलं त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी फाइल मिटली.

"एवढं प्लास्टिक? याला?"

"का काकू? किती सुंदर आहेत."

"सुंदर कसले? ही घडी बघ, वाकडी आहे. त्या दिवशी माझं मनगट दुखत होतं. आणि हा कागद आमचा नाहीच, लग्नपत्रिकांची उरलेली कापणी आहे. पत्रिका छापायच्या, कडेची पट्टी उरायची, तिच्यावर सूचिपत्र. म्हणून तर असं लांबुडकं." त्यांनी फाइल माझ्या मांडीवर ठेवली. "छापखाना मी तीस वर्षं पाहिलाय गं. सुटले बघ त्यातून. आता बाळाला न्हाऊ घालते, हात स्वच्छ राहतात."

मी जराशी हिरमुसले. विषय टिकवायचा म्हणून म्हणाले, "पण काका टिपा काय लिहितात! मी खरं तर त्या टिपांसाठीच जमवते. मला पाठ आहेत."

"कुठल्या टिपा?"

मी कवितासंग्रहाची म्हणून दाखवली, मग कथासंग्रहाची. काकू बशीतला चिवडा खात होत्या, त्यांचा हात थांबला.

"ते यांनी नाही लिहिलं," त्या म्हणाल्या. "ते मी लिहायचे. यांना चार ओळींत काही सांगता येत नाही. एकदा दीड पान लिहून दिलं. पट्टीवर जागा चार ओळींची. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या बँकेत, मी बघते. मग तेच चालू राहिलं."

माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा राहिला.

"पुस्तकं सगळी वाचायच्या तुम्ही?"

"वाचायला कशाला हवीत? सगळ्यांचे खिळे मीच जुळवलेत. एकेक अक्षर हातातून गेलंय. एवढं वाचन कोण करतं?"

मी त्यांना सांगितलं, की "उमगल्या" या शब्दावर मी कशी फिदा झाले होते. दुसऱ्या कुणीही "कळल्या नाहीत" असं लिहिलं असतं. त्यावर काकू इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं, 'कळल्या' लिहायला 'ळ' नको का? आमच्याकडं बारीक टाइपात 'ळ' मोजकेच. आणि सूचिपत्र निघायचं ऐन लग्नसराईत. पत्रिकेत बघ काय काय येतं. स्थळ, वेळ, सकाळी, बाळगोपाळ. सगळे 'ळ' पत्रिकांत अडकलेले. मग मी 'ळ' नसलेलं लिहायचे. दोन वर्षं 'क्ष'ची पण पंचाईत होती."

त्या गेल्यावर मी सगळी सूचिपत्रं पुन्हा काढून बघितली. टिपांत खरोखरच एकही "ळ" नव्हता. नवरा माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो म्हणाला, "आता पोळीतला 'ळ' शोधत बसू नकोस. यल्ला, चल, जेवायला वाढ."

त्यानंतर काकू शुक्रवारी येऊ लागल्या. कधी एकट्या, कधी नातवाला घेऊन. आम्ही फार साहित्यिक गप्पा मारायचो असं नाही. त्यांना इथल्या सुपरमार्केटात कोणती कोथिंबीर कुठून येते यात रस होता. इराणची वेगळी, ओमानची वेगळी, हे त्यांनी मला शिकवलं. मग भाजी निवडता निवडता मी एखादी पुस्तकखूण पुढं करायची आणि त्या सांगायच्या. या कार्डाचा लाल रंग दुसऱ्या दिवशी पुसला गेला, कारण शाईत रॉकेल जास्त पडलं. या निमंत्रणपत्रिकेतल्या प्रमुख पाहुण्यांचं आडनाव चुकलं होतं, मग तीनशे पत्रिकांवर बारीक चिठ्ठी चिकटवली. मी प्लास्टिकमधून कागद काढून चिठ्ठीची कड नखानं उचकून बघायची. अनेक वर्षं ती कड माझ्या हाताला लागली होती, पण तिच्याखाली आडनाव आहे हे माहीत नव्हतं. हे सगळं फाइलीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवू का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "ठेव की. पण रॉकेलचं नको लिहू, यांना वाईट वाटेल."

डिसेंबरात आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. तो एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा. बायकांचं हळदीकुंकू, मुलांचे नाच, बाहेर खाण्याचे स्टॉल. समितीतल्या एका बाईंना माझ्या कपाटाबद्दल कळलं आणि त्यांनी मला शेजारचा एक वर्ग देऊ केला. "तुझे ते कागद लाव ना. तेवढंच कल्चरल होईल." मी घाबरतच हो म्हटलं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लाव. पण कोण बघणार? बाहेर वडापाव असणार ना?"

कागद काचेत लावणं शक्य नव्हतं. आम्ही वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कागद टांगले. ही कल्पना काकूंचीच. छापखान्यात ओले छाप असेच वाळत घालत. प्रत्येकाखाली मी छोटी पट्टी लिहिली, गाव, अंदाजे साल, एवढंच. बार्शीच्या पट्ट्या लिहायला बसले तेव्हा विचारलं, "काकू, टिपांखाली तुमचं नाव घालते."

"काही नको. सूचिपत्रावर कुणाचं नाव असतं?"

"पण लोकांना कळू दे ना."

"कळून काय करणार आहेत? असू दे."

त्यांनी इतकं सहज म्हटलं की मी पुन्हा विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या आठवड्यात बार्शीहून काका आले. काकूंचा व्हिजिट व्हिसा एकदा वाढवून झाला होता, आता त्यांना न्यायला ते स्वतः आले होते. लहान चणीचे, लोभस बोलणारे गृहस्थ. लेकीनं जानेवारीत इथं थंडी असते असं फोनवर सांगितल्यामुळं त्यांनी जाड स्वेटर आणला होता आणि तो ते भर दुपारीही काढत नव्हते. वर्गात पाऊल टाकल्यावर सुतळ्यांवरचे आपले कागद बघून ते थबकले. एकेका कागदाला बोट लावत पूर्ण फेरी मारली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काकूंचा अंदाज चुकला. लोक आले. वडापाव खातच आले, पण आले. वर्गात थंडगार एसी होता हेही कारण असेल. बायका निमंत्रणपत्रिका वाचून आपापल्या गावांची नावं ओरडून सांगत होत्या. "अय्या, आमचं परतूर!" मुलं अडखळत मोठे टाइप वाचत होती आणि आईबाप त्यांचे उच्चार सुधारत होते. एका वयस्कर गृहस्थांनी एक पुस्तकखूण चिमट्यातून सोडवून खिशात घातली. त्यांना ती प्रसादासारखी फुकट वाटायला ठेवलीय असं वाटलं. मी ती मागून घेतली तेव्हा ते ओशाळले, मीही ओशाळले.

सगळ्यांत जास्त वेळ रेंगाळले ते मंडळात फराळाचा स्टॉल लावणारे एक भाऊ. साताऱ्याकडचे. शारजातच एका शेडमध्ये चकल्या, भाजण्या, मेतकूट करून दुकानांना पुरवायचे. बोलताना मधूनच अरबीतलं "हबीबी", म्हणजे दोस्ता, म्हणायची सवय, समोर कुणीही असो. ते बार्शीच्या सुतळीखाली उभे राहून टिपा वाचून बायकोला हाक मारत होते, "अगं, हे ऐक, हे ऐक." मग काकांच्या समोर जाऊन त्यांनी विचारलं, "साहेब, या ओळी लिहिल्यात कुणी?"

काकांभोवती तोवर दहा-पंधरा माणसं जमली होती. ते खुर्चीतून उठले.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "सूचिपत्र हा प्रकाशकाचा चेहरा असतो. आता आपला चेहरा कुणी दुसऱ्याकडून रंगवून घेतं का? तो ज्याचा त्यानंच रंगवायचा असतो."

लोकांनी "वा" म्हटलं. मी काकूंकडे बघितलं. त्या दाराजवळ नातवाला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या, बाळ झोपलं होतं. आजवर त्या हे कितीदा ऐकत आल्या असतील, असं माझ्या मनात आलं, आणि मी मान खाली घातली.

"अहो," काकूंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. "ते मी लिहिलंय."

सगळे हसले. नवराबायकोची थट्टा चाललीय असं सगळ्यांना वाटलं. काकाही हसले. "बघा! घरोघरी मातीच्या चुली." आणखी हशा झाला. काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तशाच उभ्या राहिल्या, बाळाच्या पाठीवर थोपटत.

मग काकांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी हात वर करून जवळचं सूचिपत्र चिमट्यातून काढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ते वाचायला लागले. आधी मनात, मग थोडं मोठ्यानं. कथासंग्रहाच्या टिपेपाशी ते अडले.

"'उमगल्या नाहीत'," ते म्हणाले. परत म्हणाले, "'उमगल्या'. हा शब्द मी जन्मात वापरलेला नाही." त्यांनी दुसरा कागद काढला, तोही वाचला. वर्गात आता कुणी हसत नव्हतं. "हिचंच आहे. सगळं हिचंच आहे हे." ते भाऊंकडे वळले, जणू प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर देणं लागतं. "मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. मी विसरलो होतो."

"विसरायला काय," काकू म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलंच नव्हतं. चार ओळी आहेत एवढं बघायचा आणि मशीनवर पाठवायचा."

तेवढ्यात बाळ जागं होऊन रडायला लागलं आणि काकू त्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेल्या. काका मागोमाग गेले. काचेतून मला दिसत होतं, दोघं कठड्याशी उभे होते. काका काहीतरी बोलत होते आणि काकू बाळाचं टोपडं सारखं करत होत्या. थोड्या वेळानं काकांनी स्वेटर काढला आणि बाळाभोवती गुंडाळला. एवढंच. भांडण झालं नाही की मनधरणी झाली नाही, निदान आम्हाला दिसली नाही.

शाळेचा पठाण वॉचमन "मॅडम, खलास, टाइम हो गया" म्हणत आला तेव्हा आम्ही सुतळ्या सोडत होतो. मी काकूंना हळूच विचारलं, "नाव नको म्हणाला होतात. मग आज का सांगितलंत?"

त्या चिमटे पिशवीत टाकत राहिल्या. "हे 'मी लिहिलं' म्हणाले असते तरी मला काही वाटलं नसतं. पण 'रंगवलं' म्हणाले. मी एक ओळसुद्धा रंगवलेली नाही. ते ऐकवलं नाही मला."

दोन दिवसांनी फराळवाले भाऊ आमच्या घरी हजर. हातात भाजणीचं कोरं पाकीट. "काकूंना माझ्यासाठी विचारा. पाकिटावर अरबी आणि इंग्रजी लागतं ते नियमानं आहेच, पण पाठीमागं एवढी जागा उरते. तिथं तसंच काहीतरी हवं. तुमच्या कागदावर होतं तसं. हबीबी, खोटं काही नको."

काकूंनी आधी उडवून लावलं. मग भाऊंना खोदून खोदून विचारलं. डाळी कोणत्या, भाजता कशात, दळता कुठं. जायच्या आदल्या दिवशी माझ्या ओट्याशी उभ्या राहून त्यांनी पाकिटाच्याच मापाच्या कागदावर लिहून दिलं. काका बाहेर सोफ्यावर बसले होते. काकूंनी तो कागद आधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि एक शब्दही न बदलता परत केला.

"थालिपिठाची भाजणी. डाळी, तांदूळ, धणे सगळं वेगवेगळं भाजलं आहे, म्हणून वेळ लागला. तुम्हीही घाई करू नका. पहिलं थालीपीठ बिघडलं तर ते स्वतः खावं."

ती पाकिटं शारजा आणि दुबईच्या किराणा दुकानांत बरीच वर्षं मिळत होती. खाली बारीक अक्षरात काकूंचं नाव असायचं. भाऊंनी ते न विचारताच घातलं होतं. माझ्याकडच्या बार्शीच्या फाइलीत शेवटी तसलं एक रिकामं पाकीट आहे. ते छोट्या प्रकाशनाचं म्हणता येईल का, यावर नवऱ्याचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याचं म्हणणं, पाकिटाला भाजणीचा वास येतो म्हणून मुंग्या लागतील. अजून लागलेल्या नाहीत.

काका-काकू बार्शीला गेले. छापखाना भाच्यानं चालवला, पुढं ऑफसेट आणलं आणि खिळे वजनावर विकले. काकूंनी ते पत्रात एका ओळीत कळवलं, खंत वगैरे काही नव्हती. सूचिपत्र पुन्हा निघालं नाही. पण त्यांची पत्रं मला येत राहिली, आता त्यांच्याच हस्ताक्षरात, कधीच पाऊण पानापेक्षा मोठी नसलेली. इतर प्रकाशकही एकेक करून थांबले किंवा मोठे झाले. मोठ्यांचे गुळगुळीत रंगीत कॅटलॉग यायला लागले. ते मी ठेवते, पण वाचत नाही.

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला काकू पुन्हा आल्या तेव्हा नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. भाऊंनी तोवर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात मोठी जागा घेतली होती. मशीनं, पांढऱ्या टोप्यांतले कामगार, बाहेर दोन व्हॅन. ते आम्हाला मुद्दाम घेऊन गेले. काकूंना डोक्याला जाळीची टोपी आणि बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्या लागल्या. माझी मुलगी आता उंच झाली होती. ती म्हणाली, "काकू, यू लुक लाइक अ सर्जन," आणि काकूंनी "थँक्यू" म्हटलं.

भाजणी दळणाऱ्या मशीनसमोर भाऊ थांबले. तासाला किती दळतं, कुठून मागवलं, दिरहमात केवढ्याला आणि आपल्या रुपयांत केवढ्याला, सगळं त्यांनी सांगितलं. काकूंनी पुढं होऊन चिमूटभर पीठ बोटांत घेतलं, चोळलं, जिभेवर ठेवलं.

"फार बारीक झालंय, भाऊ. थालीपीठ चिवट होतं यानं."

"काकू, मशीन आहे ना ते. त्याचं सेटिंग आहे."

"मग सेटिंग बदला," काकू म्हणाल्या, "नाहीतर पाकिटावरचं माझं नाव काढा."

भाऊंनी कामगाराला हाक मारली. मशीन बंद झालं, झाकण उघडलं, आणि आम्ही सगळे टोप्या घालून तिथंच उभं राहून नवं पीठ यायची वाट बघू लागलो.